परक्या घरातल्या पेट्या

२ डिसेंबर, सोमवार
आज श्रीगणेशा. माळ्यावरून सलीलचा शाळेतला व्हिडिओ गेम उतरवला. 'लँटर्न्स ऑफ इल्मोरा'. जपानी आहे, पण अक्षरं इंग्रजी. त्याच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी आमच्या सपाट टीव्हीला लागत नाहीत, म्हणून जुना जाड टीव्हीही उतरवला. म्हणजे ह्यांनी उतरवला. ह्यांची कंबर आजच धरायचं काही कारण नव्हतं.

सलील आठवीत असताना चटईवर बसून हा गेम खेळायचा. मी शेजारी बसून संत्री सोलायची आणि एकेक फोड त्याच्या तोंडात घालायची, कारण हात रिकामे नसायचे. हा गेम नुसता संपवून चालत नाही. राजवाड्याची मुख्य गोष्ट एक, आणि आडवाटेच्या छोट्या गोष्टी शेकडो. त्या केल्या नाहीत तरी कोणी विचारत नाही. पण अगदी शेवटी टक्के दाखवतात, शाळेच्या रिझल्टसारखे. सलीलला शंभर टक्के हवे होते. दहावीच्या बोर्डाआधी मी तो माळ्यावर ठेवला. एका शब्दाने बोलला नाही. पहिल्यापासूनच समंजस.

त्याला ऑफिसात फोन केला. म्हटलं, तुझ्या वाढदिवसापर्यंत सगळा गेम पुरा करते, एक गोष्ट सोडणार नाही. तो हसला आणि म्हणाला, "शंभर टक्के झाले तर शेवट बघायला येतो, आई."

वाढदिवस २६ जानेवारीला. राष्ट्रीय सुट्टी. ऑफिसची सबब चालणार नाही.

आमच्या कॉन्व्हेंटात पेपरात 'कोणतेही पाच' असायचं. मी आठही लिहायचे. सिस्टर बर्नडेट कपाळाला हात लावायच्या. कौतुकाने.

४ डिसेंबर, बुधवार
बुधवार म्हणजे न्यू टाउनला मुलगा-सुनेकडे. सलील आणि सानिका दोघंही ऑफिसात असतात, माझ्याकडे त्यांच्या फ्लॅटची किल्ली आहे. बेहालातल्या आमच्या घरून मेट्रो, मग बस, मग बॅटरीवरची टोटो रिक्षा. अर्धा दिवस जातो, पण मुलांचं घर कोण बघणार.

मागच्या बुधवारी सानिकाच्या स्वयंपाकघरातले डबे नीट लावून दिले होते. आज पुन्हा तिच्या पद्धतीने. विसरते बिचारी. पुन्हा लावले. तिचं कपड्यांचं कपाटही लावलं. मी इतर सासवांसारखी ढवळाढवळ करत नाही. फक्त लावून देते.

५ डिसेंबर
गेम सुरू. नायकाला आपण नाव द्यायचं असतं. सलील दिलं.

सुरुवात त्याच्या घरातच होते. आई चुलीपाशी उभी. आतल्या खोलीत तिची मोठी पेटी. तिच्यासमोर गेलं की पडद्यावर 'उघड' अशी खूण येते. मी उघडली नाही. आईच्या पेटीला न विचारता हात लावायचा नसतो.

मग गावातल्या प्रत्येक घरात गेले. इथे दार न वाजवता आत शिरता येतं, त्याला माझा इलाज नाही. सगळ्यांशी दोनदोनदा बोलले. प्रत्येक घरात पेट्या, माठ, कपाटं, आणि प्रत्येकासमोर तीच 'उघड'ची खूण. एकालाही हात लावला नाही. मालक समोर उभा आणि आपण त्याची पेटी उघडायची? जंगलातल्या पेट्या उघडते. त्या सरकारी.

१० डिसेंबर
सोबती मिळू लागले. पहिली, जखमा बऱ्या करणारी मुलगी. तिला माझं नाव दिलं, विजया. दुसरी आली तिला मोठ्या मनाने सानिका. नंतर कळलं की ती चोर आहे. कुलपं उघडणं हेच तिचं काम. यात माझी काय चूक?

सानिकाला फोन करून सांगितलं. "बरं" म्हणून तिने फोन ठेवला. तिला भरून आलं असावं.

चोर सानिकाला दुसऱ्या गावच्या धर्मशाळेत बसवून ठेवलं आहे. तिच्याशिवायच आमचं चांगलं चाललंय. तिची सोय उत्तम आहे. खोलीला खिडकी आहे.

१७ डिसेंबर
एका तळ्यात सोनेरी बेडूक आहे म्हणतात. गळ टाकून आठवडा गेला. हे म्हणाले, मॅच बघायची होती. म्हटलं, तो टीव्ही वेगळा, हा वेगळा. म्हणाले, खोली तर एकच आहे ना.

सलीलला विचारायला फोन केला. मीटिंगमध्ये होता. हळू आवाजात म्हणाला की इंटरनेटवर गाइड आहे, कुठे काय लपवलंय ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. माझ्या मुलाने मला कॉपी करायला सांगावं! मी कॉपी करणार नाही असं सांगायला पुन्हा फोन केला. मग बेडकाचं विचारायचं राहिलं म्हणून पुन्हा. नंतर त्याचा फोन बंद येत होता.

कामाच्या वेळी मी त्याला कधी त्रास देत नाही.

२५ डिसेंबर, बुधवार
नाताळ असला तरी बुधवार तो बुधवार. किल्लीने दार उघडून आत गेले तर दोघंही घरात. रात्रीच्या कपड्यांत, सोफ्यावर, एका पांघरुणात. मी केक नेला होता. सानिका बाथरूममध्ये गेली ती कितीतरी वेळ बाहेर आली नाही. पोट बिघडलं असेल. हल्ली बाहेरचं फार खातात.

सलील म्हणाला, फोन करून येत जा.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, की आपल्याच घरी कोणी फोन करून जातं का? पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले, "निदान बेल वाजवायचीस."

बेल पाहुणे वाजवतात.

४ जानेवारी
बेडूक मिळाला. हरवलेल्या कोंबड्या, म्हाताऱ्या शिंप्याची सुई, घंटाघराचा घंटानाद, सगळं झालं. जुगाराच्या अड्ड्यावर गेले नाही. तिथे एक दुर्मिळ ढाल मिळते म्हणे. असेल. सिस्टर बर्नडेटना कळलं असतं तर?

हिशेबाने आत्ताच नव्वदच्या पुढे असणार.

१५ जानेवारी, बुधवार
पर्स न ठेवताच लिहायला बसले.

सानिकाच्या कपाटाचा खालचा ड्रॉवर अडकला होता. पट्टी घालून, उचकटून उघडला. आत पातळ कागदात गुंडाळलेला स्वेटर. पिवळा, माझ्या तळहाताएवढा. मी तिथेच जमिनीवर बसले. सलीलचाही पिवळाच होता, माझ्या आईने विणलेला. नाकाशी धरला. नव्या लोकरीचा वास.

म्हणजे असं आहे तर! मला सरप्राइज द्यायचं ठरवलंय दोघांनी. होता तसा गुंडाळून ठेवला. मी कुणाला एक अक्षर सांगणार नाही.

संध्याकाळी – फक्त खालच्या मजल्यावरच्या मानसीदींना सांगितलं. आणि नागपूरला माझ्या बहिणीला.

१९ जानेवारी
आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. या बाजूला राहणाऱ्या आपल्या मराठी बायका मोजक्याच, पण सगळ्या आल्या. सानिकाही आली, काळ्या साडीत. मी फक्त शकुनताईंच्या कानात सांगितलं. त्या हळू बोलत नाहीत हे मला माहीत असायला हवं होतं, पण आनंदात माणूस विसरतो.

मग काय, सगळ्याजणींनी मिळून सानिकाची ओटी भरली. पाटावर बसवून तांदूळ, नारळ, खण. तिच्या पदरातून तांदूळ सारखे निसटत होते. पदर धरायची सवय नाही या मुलींना. शकुनताईंनी विचारलं, कितवा गं? सानिका म्हणाली, "काही नाहीये." सगळ्या हसल्या. लाजली, म्हणाल्या. ती नारळ मांडीवर धरून बसून राहिली आणि न जेवता गेली. नारळ इथेच विसरली.

मी तो उचलून देव्हाऱ्यात ठेवला.

२० जानेवारी
सलीलचा आपणहून फोन. किती महिन्यांनी!

ते गेल्या वर्षीचं होतं. चौथ्या महिन्यात गेलं. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वेटर सानिकाने विणला होता. तो म्हणाला, "तू ड्रॉवर उघडलास कशाला?"

म्हटलं, अडकला होता रे. आता सुरळीत सरकतो.

त्यानंतर पलीकडून काहीच आवाज येईना. नेटवर्क खराब. मी विचारलं, २६ तारखेचं नक्की ना? म्हणाला, येतो. म्हणजे राग वगैरे काही नाही.

वाईट वाटलं. थोडी रडले. पण मला वेळेवर सांगितलं असतं तर मला शोधाशोध करावी लागली असती का?

२२ जानेवारी, बुधवार
रात्रभर विचार केला. अशी वस्तू घरात ठेवू नये. मन पुन्हा पुन्हा तिथेच जातं. आज न्यू टाउनला गेले, तो स्वेटर काढला आणि त्यांच्या बिल्डिंगचे जिने पुसायला बाई येते, तिच्या तान्ह्या नातवाला देऊन टाकला. तिने लगेच घालून दाखवला. अगदी बेताचा बसला. ड्रॉवरमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवल्या.

सानिकाला हलकं वाटेल. मी सांगितलेलं नाही. चांगलं काम बोलून दाखवू नये, असं आम्हाला शिकवलंय.

गेममध्ये शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी उभी आहे. चिरंजीव आले की आत शिरायचं.

२६ जानेवारी, रविवार
सलील एकटाच आला. सानिकाचं डोकं दुखतंय. मी श्रीखंड-पुरी केली होती. चटई घातली होती, पण तो खुर्चीवर बसला. गुडघे. संत्री सोलून ठेवली. एक फोड त्याने हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

लढाई आम्ही जिंकलो. मी त्याच्याकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता.

मग प्रत्येकाचं पुढे काय झालं ते दाखवतात. विजया एका दवाखान्यात लागली. सानिकाच्या वाट्याला नुसती धर्मशाळेतली खोली. रिकामी. खिडकी उघडी. नायक अंधारात एका फाट्यावर आला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि भलत्याच वाटेने निघून गेला. शेवटी त्याची आई, दारात उभी. चित्र तिथेच थांबलं.

अडतीस टक्के.

मला वाटलं आकडा उलटा आलाय. जुना टीव्ही. सलीलला विचारलं. तो म्हणाला, सुरुवातीला आईच्या पेटीत एक कंदील असतो. तो घेतला नाही तर त्याला शेवटी घरची वाट सापडत नाही.

"घरांतल्या पेट्या उघडल्याच नाहीस?"

"एकही नाही," मी म्हटलं. "दुसऱ्यांच्या घरात शिरून त्यांच्या वस्तूंना हात लावायचा? असले संस्कार नाहीत माझ्यावर."

तो खुर्चीत मागे टेकला. मग हसायला लागला. इतका हसला की डोळे पुसावे लागले. मलाही बरं वाटलं, लहानपणी असाच हसायचा. हे आतून बाहेर येऊन दारात उभे राहिले, पण हसले नाहीत. ह्यांना गेममधलं काही कळत नाही.

हसू थांबल्यावर त्याने विचारलं, "आई, तो स्वेटर कुठे आहे? सानिका शोधतेय."

मी सांगितलं. बाळाला किती छान बसला तेही सांगितलं.

त्याने संत्र्याची फोड परत ताटलीत ठेवली आणि चपला घातल्या. श्रीखंड डब्यात भरून देत होते तेवढ्यात निघालाही. हे त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले ते बऱ्याच वेळाने आले. टीव्ही लावला नाही, पेपर उघडला नाही. मी विचारलं, काय म्हणाला? हे म्हणाले, काही नाही.

बघा. मी उगाच काळजी करत होते.

२७ जानेवारी
विचार केल्यावर लक्षात आलं की गेमची मार्किंगची पद्धतच चुकीची आहे. सज्जनपणाला एकही मार्क नाही. तरी हरायचं नाही. नव्याने सुरुवात. यावेळी फक्त आईची पेटी उघडायची, तीही ती चुलीकडे बघत असताना नाही, तिच्यासमोर. पुढच्या वाढदिवसापर्यंत शंभर होतात.

कंदील मिळाला. छोटासा आहे. किती सोपं होतं.

२९ जानेवारी, बुधवार
न्यू टाउनला गेले. रविवारचं श्रीखंड डब्यात घेतलं होतं. निघताना हे म्हणाले, "आज राहू दे, विजया." ह्यांना माझी दगदग बघवत नाही.

किल्ली लागेना. अर्धीसुद्धा आत जाईना. थंडीत कुलपं धरतात. कुलूप मात्र नव्यासारखं चकचकीत होतं. सानिकाने अखेर पितळ घासायला सुरुवात केलेली दिसते, माझंच बघून. मी पुष्कळ खटपट केली. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग कोणीतरी गॅस बंद केला. या नव्या बिल्डिंगच्या भिंती इतक्या पातळ की शेजारचं सगळं आपल्याच घरातलं वाटतं. बेल वाजवली नाही. घरात कोणी नसताना बेल कशाला वाजवायची?

शेजारच्या बाईंकडून वाटीत मोहरीचं तेल मागून घेतलं आणि किल्लीच्या भोकात सोडलं. त्या दार अर्धवट लावून फटीतून बघत होत्या. फारशी ओळख नाही.

डबा दाराशी ठेवून आले. मोहरीचं तेल जाड पडतं. उद्या शिलाई मशीनचं नेते.