हॉलचा पंखा

१० मे, शनिवार, सकाळी ९:४०
आईशी व्हिडिओ कॉल. फोन टेबलावर आडवा ठेवून मी पोळ्या गरम करत होते. त्यामुळे नागपुरात बसून तिला वीस मिनिटं फक्त माझ्या हॉलचं छत आणि धुळीने माखलेला पंखा दिसला. शेवटी म्हणाली, "माणूस राहतो त्या घरातला पंखा असा नसतो, धम्मा."
मुद्दा किरकोळ आहे. पण आई चोवीस तारखेला इथे कॅनडात, एडमंटनला येतेय. बाबा गेल्यापासून ती तिकडे एकटी. परतीचं तिकीट ३१ जुलैचं, ते पुढे ढकलता येतं. इथेच राहा, असं मी म्हटलं होतं. ती म्हणाली, आधी घर पाहते.
म्हणजे पंखा स्वच्छ हवा. चौदा दिवस आहेत. काम पंचेचाळीस मिनिटांचं.

त्याच दिवशी, दुपारी
पद्धत ठरली. नुसतं पुसणं म्हणजे वरवरचं काम. बाबांची पद्धत: पाती उतरवायची, बाथरूममध्ये साबणाने घासायची, वाळवून परत लावायची. भिंतीला टेकवलेली ती ओली पाती मला स्पष्ट आठवतात. मी प्लांटमध्ये पंप आणि कॉम्प्रेसर किती थरथरतात ते मोजते, पगार त्याचाच मिळतो. घरच्या पंख्यासाठी मॅन्युअल वाचण्याची गरज नाही.

११ मे
नाही झालं. विंटर टायर्स काढायचे होते.
लिफ्टमध्ये प्रफुल्ल भेटला. खालच्या मजल्यावर राहतो, आमच्या आंबेडकर असोसिएशनची साउंड सिस्टिम सांभाळतो. पंख्याचं ऐकून म्हणाला, शिडी देतो, धरायलाही येतो. मी सांगितलं, शिडीला चार पाय असतात, धरायला माणूस लागत नाही. "ठीक आहे, इंजिनियर मॅडम," म्हणाला.
आता शिडी मागता येणार नाही. खुर्ची पुरेल.

१२ मे
बुद्धपौर्णिमा. खीर वाटायची ड्यूटी माझ्याकडे. पंखा नाही. सणाच्या दिवशी तांत्रिक काम करू नये.

१७ मे
लाँग वीकेंड. सुरुवात ११:१०. पाच पाती, पाचही उतरवली. प्रत्येकावर क्रमांक लिहिला. मान थोडी धरली. बाथटबमध्ये गरम पाणी, डिश सोप. दोन तास भिजत ठेवली. मळ सुटायला वेळ द्यावा लागतो.
फार समाधान वाटलं.

१८ मे
क्रमांक पेन्सिलने लिहिले होते. गेले.
पाती बाल्कनीत वाळत आहेत. कडा फुगल्यासारख्या दिसतात. दृष्टिभ्रम असावा.

त्याच दिवशी, ४:१५
मोजलं. सहा मिलिमीटरची जाडी नऊ झाली आहे. दृष्टिभ्रम तीन मिलिमीटरचा आहे.

१९ मे
मॅन्युअल वाचलं. पाती लाकडी नाहीत. भुसा दाबून केलेला बोर्ड, वर लाकडासारखा दिसणारा कागद. पाणी लावू नये, असं तीन ठिकाणी लिहिलंय. नागपूरची पाती पत्र्याची होती. मटेरियल न तपासता कुणी ऑफिसात असं केलं असतं, तर मी तीन पानी रिपोर्ट लिहिला असता.
तरी बसवली. पहिल्या स्पीडवर झुंबरासारखा झुलला. दुसरा स्पीड लावून पाहिला नाही.

२१ मे
पाच वेगळ्या वजनांची पाती गोल लावण्याच्या चोवीस मांडण्या होतात. एक्सेलमध्ये तक्ता केला. ऑफिसनंतर अकरा करून पाहिल्या. वजन सारखं करायला पात्यांना कपड्यांचे चिमटेही लावून पाहिले. चौथ्या मांडणीत थरथर कमी होती, पण तेव्हा पंखा बंद होता.

२३ मे
पाती आता टोकाशी खाली वाकली आहेत. केळीची जुनी पानं वाकतात तशी. कंपनीला फोन केला. नवीन पाती ६ ऑगस्टला येतील.
हरकत नाही. माणसं घरात शिरताना समोर बघतात. वर कोणी बघत नाही.

२४ मे
आई आली. चप्पल काढली. वर बघितलं.
चहा घेतला. मग विचारलं, "पाऊस आला होता का गं घरात?"
मी म्हटलं, ह्युमिडिटी.

२५ मे
सकाळी बाबांची पद्धत सांगितली. आई कपबशी खाली ठेवून हसली. म्हणाली, बाबांनी पाती एकदाच धुतली. परत लावताना उलटी लावली, तो अख्खा उन्हाळा पंखा नुसता फिरला, वारा आलाच नाही. त्यानंतर दरवर्षी तीच पुसायची आणि बाबा स्टूल धरायचे. मी तेव्हा आतल्या खोलीत अभ्यास करत असायचे. म्हणजे माझा सगळा अभ्यास एका निरीक्षणावर आधारित.
बेडरूमचा पंखा अजून शाबूत होता. ती माझ्या आधी खुर्चीवर चढली. उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवायचा, ओढायचा, धूळ आतच. एकूण चार मिनिटं. मी खुर्ची धरली.
"नीट धर. वर काय पाहून राहिली? तुझे बाबापण असेच."
ती वर असतानाच मी तिकिटाचा विषय काढला. सहज.
ती पुढचं पातं पुसत म्हणाली, "तिकडे तीन पंखे आहेत, धम्मा."
मी खुर्ची धरून उभी राहिले.
आईचं विमान ३१ जुलैला. नवीन पाती ६ ऑगस्टला.
प्रफुल्लला मेसेज टाईप केलाय: शिडी आहे का अजून? आणि तू? पाठवलेला नाही. शिडीला चार पाय असतात, हे त्याला मीच सांगितलं होतं.