सध्याचं ठिकाण

आदरणीय डॉक्टर मॅडम,

मानसोपचाराच्या पहिल्या व्हिडिओ कॉलला तुम्ही आधी हेच विचारलं, "आत्ता नेमके कुठे बसलात? गरज पडली तर मदत कुठे पाठवायची?"

मी म्हणालो, "सिरसाळ्यात, घरीच हाय." तुमच्या फॉर्ममध्ये 'सध्याचं ठिकाण' पुढेही तेच लिहिलं, शुद्धलेखन दोनदा तपासून. खरं तर मी शेतातल्या विहिरीच्या काठावर बसलो होतो, पाय आत सोडून.

कॉल संपला तेव्हा धनश्रीवहिनी बांधावरून ओरडल्या, "भावजी, तिथं काऊन बसलाव? मासे धरताव व्हय?"

"घरात रेंज न्हाई, वहिनी."

त्या हसत निघून गेल्या.

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही. पण गुरुवारच्या कॉलला पुन्हा ठिकाण विचाराल, तेव्हा एवढंही विचारा, घरात रेंज येते का?

येते, मॅडम. चांगली येते.

तुमचा नवीन पेशंट,
हरिओम