घर धाकट्याच्या नावावर

मंगळवार, संध्याकाळ

माजी सैनिकाची घरपट्टी माफ व्हावी म्हणून आज अर्ज द्यायला गेलो. धाकटा भाऊ सुभाष माझी चाकाची खुर्ची ढकलत होता. सुरुंगात दोन्ही पाय गेल्याचा दाखला वाचून कारकून म्हणाला, "साहेब, माफी मिळाली असती, पण घर भावाच्या नावावर हाय." माझ्याच पगारातून घेतलेलं घर!

सुभाष म्हणाला, "दादा, तुम्ही सीमेवर होता. सहीला कोण येणार होतं?"

आता घर माझ्या नावावर करून दे म्हणावं? अन् तो रुसला, तर रोज सकाळी मला उचलून न्हाणीत कोण नेईल? कारकुनाला म्हणालो, "राहू द्या."

मागं सुभाषनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग खुर्ची वळवत त्यानं विचारलं, "दादा, चहा घेता?"

मी व्हय म्हणालो.