खांदा उत्तम आहे

३ मार्च
खांदा उत्तम आहे. डॉक्टर म्हणाले, स्नायू फाटत आलाय, दोन महिने सर्व्ह बंद, नाहीतर ऑपरेशन. डॉक्टर स्वतः टेनिस खेळत नाहीत, हे मी बाहेर आल्यावर ताईच्या लक्षात आणून दिलं. ताई म्हणाली, "ते खांद्याचे डॉक्टर आहेत." माझी सख्खी बहीण. इतकी वर्षं माझ्याबरोबर गावोगाव फिरते, रॅकेटच्या तारा ओवते, डबे भरते. पण खेळातलं मानसिक अंग तिला कळलं नाही ते नाहीच.
संकल्प: पुढच्या आठवड्यात पात्रता फेरीतून थेट मुख्य ड्रॉमध्ये. चौतीस हे ऐन उमेदीचं वय.

५ मार्च
कोचबाईंना मी मोकळं केलं, ते बरंच झालं. त्यांनीच येऊन सांगितलं की आता त्या चिमणीला शिकवणार. पण "बरं" मी म्हणाले. म्हणजे निर्णय माझाच.
चिमणी आमच्याच क्लबातली. सतरा वर्षांची, आवाज एवढासा. फोरहँड बरा आहे. फार बरा आहे.

७ मार्च, दुपार
सर्व्हचा सराव मुद्दाम केला नाही. ताकद साठवतेय.
केस बांधायला हात वर जाईना. ताईने वेणी घातली.

८ मार्च
पहिली मॅच जिंकले! समोरची पहिल्याच सेटमध्ये पोट धरून खाली बसली आणि तिने मॅच सोडली. माझा धसका घेतला. ताई म्हणते, तिला सकाळपासून उलट्या होत होत्या. असेल, धसक्यानेही होतात.
उद्या चिमणी. उत्तम. कोचबाईंना कळू दे आपण काय गमावलं ते.

९ मार्च, सकाळ
झोप छान लागली. थोडी.
हरले तर रँकिंग इतकं घसरेल की पुढच्या स्पर्धांच्या पात्रता फेरीचे दरवाजेही बंद. हे नुसतं माहिती म्हणून लिहिलं.
लॉकर रूममध्ये कोचबाई भेटल्या. "खांदा?" म्हणाल्या. "उत्तम," म्हटलं. बाटलीचं झाकण उघडत नव्हतं, ते त्यांनी उघडून दिलं.

९ मार्च, संध्याकाळ
पहिला सेट मी घेतला. लॉब, ड्रॉप, स्लाइस. पोरीला कोर्टभर पळवली. तिचा टॉवेल घामाने चिंब.
दुसऱ्या सेटमध्ये खांद्यात शिवण उसवल्यासारखं काहीतरी झालं. सेट गेला. तिसऱ्यात खालून सर्व्ह करायला लागले. लोक आधी हसले, मग गप्प झाले, कारण पॉइंट मिळत होते.
पाच-चार. माझी सर्व्ह. मॅच पॉइंट.
खालूनच टाकायची होती. पण कोचबाई बघत होत्या. आयुष्यभर वरून सर्व्ह केली आणि शेवटचा पॉइंट असा चोरून घ्यायचा?
चेंडू वर गेला. रॅकेट फिरवली, पण हात तिथवर पोचलाच नाही. चेंडू पायाशी पडला, गडगडत नेटकडे गेला. मी पुन्हा उडवला. या वेळी हात निम्म्यापर्यंत आला आणि रॅकेटच हातातून सुटली.
डबल फॉल्ट. ताई स्टँडमध्ये उभी राहिली. मी बघितलं नाही असं दाखवलं.
त्यानंतर एकही गेम मिळाला नाही. पाच-सात. डाव्या हाताने हस्तांदोलन केलं. चिमणीच रडायला लागली, तिलाच मी थोपटलं.
याला हरणं म्हणता येणार नाही. मॅच पॉइंट माझा होता.

१० मार्च
काही नाही. ऑपरेशनची तारीख घेऊ का, असं ताईने विचारलं. मी विषय बदलला. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "घे." तिने डॉक्टरांना फोन लावला आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला.

११ मार्च, सकाळ
कोचबाईंचा फोन! मला ठाऊक होतं. दोनदा वाजू दिला, मग उचलला.
चिमणी मुख्य ड्रॉमध्ये पोचलीये. तिची पुढची प्रतिस्पर्धी अगदी माझ्यासारखी खेळते, स्लाइस आणि ड्रॉप. तासभर येशील का तिच्याबरोबर हिट करायला? सर्व्ह करावी लागणार नाही.
विचार करून कळवते म्हटलं. ताईने बूट आणून पुढ्यात ठेवले.

११ मार्च, दुपार
जाऊन आले. सगळं कंबरेखालून, हळू हळू. चिमणी माझे ड्रॉप आधी पोचून उचलायला लागली. कुठे बघून ओळखायचे, ते मीच सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. निघताना म्हणाली, "थँक्यू, काकू."
परवापर्यंत मला ताई म्हणायची.
गेटवर माझा खेळाडूचा पास चालला नव्हता. हरल्यावर बंद होतो. नवा दिला. त्यावर नाव नाही, फोटो नाही, फक्त 'सराव-जोडीदार'. दोरी गळ्यात घालायला हात वर जाईना. ताईने घातली, आणि पास सरळ केला.
उद्या पुन्हा बोलावलंय. जाईन.