करकोच्यांची फ्रेम

६ डिसेंबर, रात्री
डॉक्टर म्हणाले, बाबांचा उजवा डोळा गेल्यातच जमा आहे आणि डावाही फार दिवस साथ देणार नाही. परतताना बाबा रिक्षात एवढंच म्हणाले, "तळ्यावर करकोचे आलेत म्हणतात. एकदा ने मला." तो खडबडीत रस्ता, ही थंडी आणि ऐंशीचा माणूस. नेणं शहाणपणाचं नाही. पण उपाय मला रिक्षातच सुचला. करकोच्यांचा मोठा फोटो काढायचा आणि बाबांच्या खाटेसमोर लावायचा. डोळा आहे तोवर रोज बघतील. आपलं तर फ्रेमचंच दुकान. म्हणजे निम्मं काम झालं.

९ डिसेंबर
फ्रेम तयार. सागवानी, रुंद पट्टी, काच लख्ख. खाटेसमोर टांगली. ही म्हणाली, आत काहीच नाही. म्हटलं, येईल. लग्नांचे फोटो काढणारं एक जुनं गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडून कॅमेरा आणि ट्रायपॉड मागून आणला.

१४ डिसेंबर
करकोचे दिवसभर शेतांत चरतात. दिवेलागणीला तळ्यावर मुक्कामाला येतात आणि उजाडायच्या आत उठतात. म्हणजे माझं दुकान बंद असतं नेमके तेव्हा ते हजर. देवाचीच योजना. फोटो मात्र सगळे काळे आले. एकात काहीतरी पांढुरकं आहे. माझा अंगठा असावा.

२१ डिसेंबर
फोटोवाल्याने सांगितलं, कमी उजेडात शटर सावकाश ठेवा. सावकाश ठेवलं की करकोचे हलतात. शटर दाबण्याआधी मी देवाचं नाव घेतो, तेवढ्यात ते मान वळवतात. उद्यापासून नाव मनात, आणि भराभर. शिवाय हे पक्षी ओरडतात फार. एकाने सुरू केलं की सगळं तळं घुमतं, फोकसवर चित्त राहत नाही. उद्या कानात कापूस घालायचा.

४ जानेवारी
कापसाने मोठं काम झालं. अगदी ध्यानाला बसल्यासारखं वाटतं. फोटो अजून काळेच, पण काळेपणात सुधारणा आहे.
बाबांनी पुन्हा विचारलं, मी येऊ का, बाजूला नुसता बसेन. ट्रायपॉडजवळ कुणी जरा हललं तरी फोटो बिघडतो, हे त्यांना समजावून सांगितलं. "बरं," म्हणाले. समजूतदार आहेत.

१९ जानेवारी
जमला. करड्या अंधारात करडे ठिपके, पण ठिपक्यांना पाय आहेत. मोठा करून फ्रेममध्ये बसवला. बाबांनी काचेवरून बोटं फिरवली, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान आलेत. पंखसुद्धा दिसतात."
पंख मलाही दिसले नव्हते.
ही दिवा लावायला आली आणि म्हणाली, अहो, फोटो उलटा बसवलाय. काढून सरळ केला. फारसा फरक पडला नाही. जाणकार माणसाला उलटसुलट दोन्ही सारखंच.

३ फेब्रुवारी
डॉक्टरांचं म्हणणं, डावा डोळा निदान महिन्याभरापूर्वीच गेला असावा. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. मग पंख कसे दिसले? हे डॉक्टर नेहमी घाईत असतात. घरी जाऊन बाबांनाच विचारणार होतो. पण ते फ्रेमकडे तोंड करून शांत बसले होते. नाही विचारलं.
ही भांडी आवरता आवरता म्हणाली, "कान तर धड आहेत ना त्यांचे? न्या की तळ्यावर." बोलायला हिचं काय जातं. पण नेतो. येत्या रविवारी.

२३ फेब्रुवारी
त्या रविवारी दुकानात घाईचं काम निघालं. पुढच्या रविवारी सर्दी, माझी. आज पाहुणे. पुढचा रविवार मात्र पक्का. करकोचे कुठे पळून जातात?

२ मार्च
नेलं. रस्ता वाटला होता तेवढा वाईट नव्हता. माझ्या घडीच्या स्टुलावर बाबांना काठाशी बसवलं आणि शाल नीट गुंडाळली. पाणी रिकामं होतं. पलीकडे एकजण जाळं आवरत होता. त्याला खुणेनेच विचारलं. त्याने हात वर केला आणि दूर आभाळाकडे नेला. गेले. वर्षासाठी गेले.
बाबा कानामागे हात धरून बसले होते. जरा वेळाने म्हणाले, "आज बोलत नाहीत?" म्हटलं, आताच टेकलेत, दमले असतील. जवळ जाऊन बघून येतो.
लव्हाळ्यात शिरलो, पाठमोरा उभा राहिलो आणि त्यांचा आवाज काढला. कापसातून जेवढा ऐकला होता तेवढा. पहिल्यांदा बदकासारखा निघाला. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा त्यातल्या त्यात बरा.
बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग हाक मारून म्हणाले, "एकच मागे राहिलाय वाटतं रे. त्याला म्हण, घसा दुखेल. इकडे येऊन बस."
गेलो. त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.
कॅमेरा नेला नव्हता. दिवस आता मोठा झालाय. उजेड बराच वेळ होता.