दादांची वाकडी मान

४ जानेवारी, रविवार
पुन्हा माळावरच्या विमानतळावर हजेरी. विमानतळ म्हणजे गवताची पट्टी, पत्र्याचं हँगर आणि वारा कुठून येतो ते दाखवणारा कापडी मोजा — त्यालाही भोक! विमान सत्तरीचं, दुपंखी. ते उडवणारे आमचे मेहुणे, म्हणजे दादा, पासष्टीला टेकलेले. दोघांचेही सुटे भाग बाजारात मिळत नाहीत.
मी वार्ताहर, म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात. दादांचा हुकूम — "सगळे फोटो हवेत हं, जावईबापू. फसलेलेसुद्धा." फसलेल्यांची टंचाई मी कधी पडू दिलेली नाही.

५ जानेवारी
चौऱ्याहत्तर फोटो. बासष्टांत नुसतं आकाश. आकाश मात्र अप्रतिम.

११ जानेवारी, रविवार
एक साधला! विमान उतरून पट्टीवर धावतंय आणि दादांची मान डावीकडे वाकडी. विमानाची दुरुस्ती बघणाऱ्या मिस्त्रींनी ज्ञान दिलं, "या जुन्या विमानांचं जमिनीवर नाक वर असतं, साहेब. समोरचं दिसत नाही. सगळेच बाजूनं बघतात."
रविवार पुरवणीकडे पाठवला. फोटोओळ — 'वक्रग्रीव वैमानिक'. संपादकांनी अर्थ विचारला. सांगितल्यावरही हसले नाहीत.

१४ जानेवारी
दादांचा फोन. पंचवीसला पासष्टावा वाढदिवस. त्या दिवशी बहिणीला पुढच्या सीटवर बसवून वर नेणार. ही बहीण म्हणजे माझी बायको. स्टुलावर चढायचं तर मला हाका मारते! "दादा चालवणार म्हटल्यावर भीती कसली?" मी चालवतो तेव्हा मोटारीत डोळे मिटून बसते, ते बहुधा विश्वासानंच.

१८ जानेवारी, रविवार
फोटो छापून आला. दादांनी कात्रण हँगरच्या दाराला चिकटवलं. बराच वेळ बघत उभे होते. मी धन्य.

१९ जानेवारी
कालचे फोटो मोठे करून पाहिले. आकाशात सरळ उडतानाही मान वाकडी! पण हवेत विमानाचं नाक आडवं असतं, समोर काहीच आड येत नाही. मग बाजूनं काय बघतायत?
मागचे सगळे फोटो काढले. हँगरच्या दारात गप्पा मारताना, चहा ओतताना — तीच मान, तोच कोन. मिस्त्रींचं एक वाक्य घेतलं आणि मी सगळ्या मानांना लावून मोकळा झालो! न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. आमच्याकडे फोटोओळ.

२० जानेवारी
मिस्त्रींना फोन केला. दादांना नीट दिसतं का? "डॉक्टरी तपासणी मार्चमध्ये आहे की, साहेब." मी हे विचारलं नव्हतं. तेही त्यांना कळत होतं.

२२ जानेवारी
हिला सांगितलं. "तुमच्या फोटोत तर पोरीच्या वाढदिवसाचा केकसुद्धा तिरका आलाय. त्याचेही डोळे तपासायचे का?"
मी फोटो आवरले. सत्तावीस वर्षांची सवय आहे.
पण रविवारी ती त्या सीटवर बसणार आहे.

२४ जानेवारी, शनिवार
चौदा फोटो छापून हँगरवर नेले. बाकावर ओळीनं मांडले. वाटेत भाषण पाठ केलं होतं, त्यातलं निम्मं संस्कृत. ऐन वेळी एवढंच निघालं — "दादा, उद्या तिला नेऊ नका."
ते पंखा पुसत राहिले. "ठेवून जा फोटो," म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही. बहुतेक मेहुणा गमावला.

२५ जानेवारी, रविवार
विमान हँगरमध्येच. "डाव्या डोळ्यात मधोमध डाग आहे. वर्ष झालं," दादा म्हणाले. "वाट बघत होतो, कुणीतरी म्हणेल — बास करा. माझं मलाच म्हणवत नव्हतं. आणि तुम्ही तर छापलंत!"
ही ऐकत होती. पुढच्या सीटवर चढून बसली. माझ्या हाताशिवाय. दादा मागे जाऊन बसले. इंजिन बंद.
मिस्त्री आणि मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं.