हाताने टाइप केलेलं वाक्य

कार्ल्सरूहे,
१४ नोव्हेंबर २००६

प्रिय अनिमेष,

ईमेल केली असती तर तू दोन ओळींत हसण्यावारी नेली असतीस, म्हणून कागदावर लिहितेय. बर्लिनमध्ये घर मिळालं का, नवी नोकरी कशी आहे, हे मी विचारणार नाही. मी तुझ्यावर इतकी चिडलेय की सकाळपासून दोन कागद फाडले. इथे मात्र तुझं कौतुक चाललंय. ऑफिसातल्या फ्राऊ रीडेल मला कॉफी देताना म्हणाल्या, चूक स्वतःहून कबूल करणारा असा माणूस त्यांनी तीस वर्षांत पाहिला नाही. मी मान डोलावली. तुझ्यामुळे मला त्या बाईसमोर मान डोलवावी लागली.

दोन हिवाळे आपण एकाच टेबलावर बसून त्या व्यायामाच्या अभ्यासाच्या मासिक अहवालाचं काम उभं केलं. त्याआधी याच फ्राऊ रीडेल दर महिन्याला तीन दिवस बसून आकडे वर्डमध्ये उतरवायच्या आणि एकदा सतराचे एकाहत्तर झाले होते. मग आपण मजकूर आणि गणित एकाच फाईलमध्ये गुंफलं. दवाखान्यांची माहिती आली की एक कमांड द्यायची. प्रोग्रॅमच आकडे काढणार, तक्ते, आलेख मांडणार, इतकंच काय, निष्कर्षाचं वाक्यही आकडे बघून तोच निवडणार, आणि छापायला तयार अहवाल समोर. नियम एकच होता, तोही तुझाच. अहवालात हाताने एक अक्षर टाइप करायचं नाही. तू तो लाल पेनाने लिहून कपाटावर चिकटवलास, आणि मी तुला हेडमास्तर म्हणून चिडवलं.

जूनमध्ये तो नियम मी मोडला. एका दवाखान्याने अर्धा रकाना रिकामा पाठवला होता, प्रोग्रॅम निष्कर्षाच्या वाक्यापाशी येऊन अडत होता, आणि चार वाजता अहवाल डॉक्टरांच्या समितीकडे जायचा होता. तू सुट्टीवर होतास. मी प्रोग्रॅमचा तेवढा तुकडा काढला आणि हाताने लिहिलं, ‘दोन्ही गटांत पडण्याच्या घटनांमध्ये फरक आढळला नाही.’ त्या दिवशी ते खरंच होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जुना व्यायाम करणाऱ्यांत चार जण पडले होते, नवा करणाऱ्यांत पाच. उद्या नीट करू म्हटलं आणि विसरले. साफ विसरले, अनिमेष, दुसरं काही कारण नाही.

पुढचे दोन महिने तक्ता आपला आपण बदलत राहिला. ऑगस्टअखेर जुन्या गटात पाच होते आणि नव्यात चौदा. खाली माझं वाक्य तसंच. समितीने नेहमीप्रमाणे तेवढंच वाचलं आणि नवा व्यायाम चालू ठेवला. सप्टेंबरात नव्या गटातल्या फ्राऊ हेलविग स्वयंपाकघरात पडल्या. एकोणऐंशी वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, आता मांडीचं हाड मोडून पडून आहेत. ऑगस्टचा अहवाल खरं बोलला असता तर तो व्यायाम त्याआधीच थांबला असता.

हे सगळं बाहेर आलं तेव्हा मी पुण्यात भावाच्या लग्नात होते. तू मला फोन केलास, नवरीची साडी कोणत्या रंगाची आहे विचारलंस, जिलेब्या आण म्हणालास. त्याच दिवशी सकाळी मीटिंगमध्ये तू सांगितलं होतंस की ते वाक्य तुझं. मला एका शब्दाने विचारलं नाहीस. परत येऊन फाईल उघडली. प्रत्येक तुकड्याच्या वर तो कोणी लिहिला आणि कधी, ही न छापली जाणारी ओळ असते ना, तिथे माझ्या नावाच्या जागी तुझं नाव होतं. आयुष्यभर हाताने काही बदलायचं नाही म्हणणाऱ्याने हाताने नाव बदललं. मी बर्लिनला फोन लावला तर म्हणालास, “माझं इथल्या नोकरीचं ठरलंच होतं. तुझ्या स्कॉलरशिपचा निर्णय डिसेंबरात आहे, त्यावर व्हिसा. तुझं वर्ष वाचलं ना, मग झालं.”

मग झालं? मी काय लहान मुलगी आहे का, की काचेचं भांडं फुटलं आणि दादाने सांगितलं मी फोडलं? चोविसाव्या वर्षी एकटीने येऊन व्हिसासाठी आउसलेंडरबेहोर्डच्या, परदेशी लोकांच्या कचेरीच्या, रांगेत थंडीत उभी राहिलेली बाई आहे मी. माझी लायकी तू परस्पर ठरवलीस. आणि खरा राग कशाचा आलाय ते आता सांगते. तुझा फोन ठेवल्यावर मी पिठलं केलं, पोटभर जेवले आणि छान झोपले. दुसऱ्या दिवशी कामाला गेले, कोणाला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस, अनिमेष. इतकं गप्प बसणं मला जमेल हे मला माहीत नव्हतं. तू नसतास तर कदाचित कधीच कळलं नसतं, आणि ते कळल्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही.

काल सकाळी मी आपल्या प्रोफेसरांकडे गेले. दर महिन्याला सीडीवर प्रत ठेवायची आपली पद्धत तू विसरलास. जूनची सीडी त्यांच्या टेबलावर ठेवली, त्यात माझं नाव आहे. स्कॉलरशिप बहुतेक जाईल, कदाचित मला घरी परतावं लागेल. तिथून मी दवाखान्यात गेले. फ्राऊ हेलविगना मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की ते वाक्य मी लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, मग तो तरुण माणूस फुलं घेऊन माफी मागायला का आला होता? गुरुवारी समिती तुला फोन करणार आहे, म्हणून हे पत्र घाईने टाकतेय. मला वाचवायला आणखी काही रचू नकोस. ते वाक्य उल्काने टाइप केलं, एवढंच सांग. आणि फ्राऊ हेलविगना फुलं का नेलीस, ते मला कधीतरी समोर बसून सांग.

भयंकर चिडलेली, तरीही तुझीच,
उल्का